चुलत, मावस, दत्तक : नात्यांच्या शब्दांचा इतिहास



मी शाळा सातवीत सोडली. पुढचे शिक्षण यंत्रमागावर, रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे इतिहासाच्या विषयावर बोलण्याचे आमंत्रण आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. पण विषय नात्यांच्या शब्दांचा आहे, आणि कामगार संघटनेच्या कचेरीत तीस वर्षे मी जे काम सर्वांत जास्त केले त्याचा या शब्दांशी रोजचा संबंध आहे. ते काम म्हणजे अर्ज भरणे. कामगार जखमी झाला, निवृत्त झाला, मेला, की अर्ज आलाच. आणि अर्जात एक रकाना असतोच असतो : नाते काय?

या रकान्याने मला एकदा जो धडा दिला तो आधी सांगतो. आजचे व्याख्यान त्याच धड्यातून निघाले आहे.

१९९६ सालची गोष्ट. मी संघटनेत नवा होतो. एका सूतगिरणीत बावीस वर्षांचा एक मुलगा यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. गिरणीचे नाव सांगत नाही. त्याची आता गरजही नाही. मुलाचे लग्न झालेले नव्हते. तो चार वर्षांचा असतानाच त्याचे आईबाप एकापाठोपाठ एक वारले होते. चुलत्याने त्याला घरी आणले. पुढे चुलताही गेला, आणि चुलतीने विड्या वळून त्याला वाढवले. ती बाई कचेरीत आली. 'मृताशी नाते' या रकान्यापाशी मी थांबलो आणि विचारले, "काय लिहू, मावशी?" ती म्हणाली, "आई लिही." मी आई लिहिले.

चौकशीच्या दिवशी मालकाच्या वकिलाने मुलाच्या जन्माचा दाखला पुढे ठेवला. त्यात आईचे नाव दुसरे होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मृत कामगाराचे 'अवलंबित' कोण याची यादी होती. त्या यादीत विधवा पत्नी होती, अज्ञान मुलगा होता, अविवाहित मुलगी होती. आईबाप, अज्ञान भाऊ, अविवाहित बहीण, विधवा सून, अज्ञान नातवंडे होती. आईबाप हयात नसतील तर बापाकडचे आजीआजोबाही होते. चुलती नव्हती. मामा, मावशी, आत्या यांपैकी कोणीच नव्हते. आणि त्याच कायद्यात असेही होते, की अवलंबित कोणीच नाही अशी आयुक्तांची खात्री झाली तर मालकाने भरलेली शिल्लक रक्कम मालकाला परत द्यावी. तशी ती परत गेली.

बाहेर आल्यावर बाई रडली नाही की भांडली नाही. एवढेच म्हणाली, "म्हणजे तो कुणाचाच नव्हता?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी वाचनालयात जाऊ लागलो. मला वाटले होते की नात्यांचे शब्द म्हणजे घरगुती गोष्ट, तिचा इतिहास तो काय असणार! पण वाचता वाचता ध्यानात आले, की नात्याचा प्रत्येक शब्द हा एक दस्तऐवज आहे. कोण कोणाच्या घरी जेवला, कोणाचे कोणाशी लग्न चालले, कोणाच्या मागे कोणाला जमीन मिळाली, हे सारे त्या शब्दात नोंदलेले असते. फक्त तो दस्तऐवज वाचता आला पाहिजे.

प्रथम त्या बाईचाच शब्द घेऊ : चुलती. माझी समजूत अशी होती, की एका चुलीवर जेवतात म्हणून चुलत. समजूत गोड आहे. पण व्युत्पत्तीचे जाणकार वेगळे सांगतात. त्यांच्या मते चुलता हा शब्द 'क्षुल्लतात' या संस्कृत शब्दापासून आला. क्षुल्ल म्हणजे लहान आणि तात म्हणजे बाप. चुलता म्हणजे धाकटा बाप. मग चुलती म्हणजे ओघानेच धाकटी आई झाली. रकान्यात 'आई' लिही म्हणणारी ती निरक्षर बाई भाषेच्या इतिहासाला धरूनच बोलत होती.

सोलापुरात राहणाऱ्याला ही गोष्ट समजण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. पूर्व भागातील एखाद्या पद्मशाली विणकराच्या घरी जा. तेथे तेलुगूत बापाच्या थोरल्या भावाला 'पेद्दनान्ना' म्हणजे मोठा बाप आणि धाकट्याला 'चिन्नान्ना' म्हणजे लहान बाप म्हणतात. आईची थोरली बहीण ती 'पेद्दम्मा', मोठी आई. या सर्वांची मुले ती सरळ भाऊ आणि बहिणी. त्यांना वेगळा शब्द नाही. उलट आईचा भाऊ तो 'मामा', बापाची बहीण ती 'अत्ता', आणि यांच्या मुलांना भाऊबहीण म्हणत नाहीत. मामाचा किंवा अत्ताचा वडील मुलगा तो 'बावा', धाकटी मुलगी ती 'मरदलु'. थोरल्या बहिणीचा नवराही 'बावा'च, आणि बायकोची धाकटी बहीणही 'मरदलु'च. कारण उघड आहे. या मुलांशी लग्न होऊ शकते. म्हणून सासऱ्यालाही 'मामा' आणि सासूलाही 'अत्ता'.

उत्तरेकडे जा, म्हणजे दुसरी तऱ्हा दिसेल. हिंदीत चचेरा, फुफेरा, ममेरा आणि मौसेरा असे चार शब्द आहेत; पण चारही भाऊच. साधारणपणे तेथील हिंदू समाजात त्यांच्यात लग्नाचा विचारही केला जात नाही.

आता आपल्या मराठीकडे या. चुलत, आते, मामे आणि मावस असे आपलेही चार शब्द आहेत. चौकट उत्तरेची. मावशी हा शब्द तर संस्कृत 'मातृष्वसा'चाच घासून गुळगुळीत झालेला मणी आहे. पण नवी सून सासऱ्याला काय म्हणत आली? मामंजी. सासूला? आत्याबाई. खेड्यापाड्यांतून आजही सुना 'मामा' आणि 'आत्या' अशी हाक मारतात. बहुतेक सुनांचा तो मामाही नसतो आणि ती आत्याही नसते. तरी हाक तीच. मामेभावाला आणि आतेभावाला 'मेहुणा' म्हणण्याची रीतही आपल्याकडे जुनी. मामाची मुलगी करण्याची चाल मराठ्यांत आहे, इतर अनेक जातींत आहे, देशस्थ ब्राह्मणांतही आहे. आत्याची मुलगी करणे मात्र कित्येक ठिकाणी वर्ज्य. भाची सून म्हणून घरात आणणारी आत्या तर आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. म्हणजे मराठीने शब्दांची चौकट उत्तरेची घेतली आणि घरातली हाक दक्षिणेची ठेवली.

हे माझे शोध नव्हेत. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. गावोगाव हिंडून त्यांनी नात्यांचे शब्द गोळा केले आणि उत्तर व दक्षिण यांच्यामधल्या पट्ट्यात महाराष्ट्राची जागा दाखवून दिली. दोन पद्धतींची जेथे गाठ पडते तो हा प्रदेश. त्यांच्या पुष्कळ वर्षे आधी लुईस हेन्री मॉर्गन नावाच्या अमेरिकन वकिलाने हा अभ्यास सुरू केला होता. अमेरिकेतील सेनेका जमातीच्या जमिनी बळकावण्याचा एका कंपनीचा प्रयत्न चालला होता, तेव्हा मॉर्गन त्या लोकांच्या बाजूने उभा राहिला. सेनेकांनी त्याला रीतसर आपल्या कुळात दत्तक घेतले. त्यांच्यात बसता-उठता त्याला दिसले, की हे लोक बापाच्या भावाला बापच म्हणतात आणि आईच्या बहिणीला आईच म्हणतात. मग त्याने जगभर प्रश्नावल्या पाठवल्या. उत्तरे आली तेव्हा अमेरिकेतील सेनेकांची आणि आपल्याकडील तमिळ लोकांची शब्दांची पद्धत जवळजवळ एकसारखी निघाली. १८७१ साली त्याने हे सारे ग्रंथरूपाने मांडले. नात्यांच्या शब्दांचे शास्त्र उभे राहिले त्याची सुरुवात अशी एका जमिनीच्या तंट्यातून आणि एका दत्तविधानातून झाली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शब्द लग्न ठरवतो, तसा वारसाही ठरवतो. येथे धर्मशास्त्र आले. आपल्या भागात ज्या ग्रंथाचा अंमल सर्वांत मोठा, ती मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ च्या दरम्यान होऊन गेला. ते कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोलापूरहून फार लांब नव्हे. 'सपिंड' या शब्दाचा अर्थ पिंडदानातला भाताचा पिंड असा न घेता विज्ञानेश्वराने एका शरीराचे अंश ज्यांच्यात आहेत ते सपिंड असा घेतला. बापाकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच पिढ्या हे नाते त्याने मोजले. बंगालमधील जीमूतवाहनाने भाताचा पिंड धरला. एका शब्दाच्या दोन अर्थांवर दोन प्रांतांतील कोट्यवधी माणसांच्या जमिनी शेकडो वर्षे वेगवेगळ्या रीतीने वाटल्या गेल्या.

या वाटणीची खूण आपल्या एका शब्दावर राहून गेली आहे. भाऊबंद म्हणजे मूळ अर्थाने हिस्स्याचे धनी, एका पुरुषाचे वंशज. त्यांच्यातील संबंधाला आपण नाव दिले भाऊबंदकी. आणि त्याचा अर्थ झाला भांडण! मावसबंदकी असा शब्द नाही. मावसभावाशी आपले भांडण का होत नाही? कारण त्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव नसते. चुलतभाऊ हा एकाच वेळी सर्वांत जवळचा आणि सर्वांत धोक्याचा, हे पेशव्यांच्या घरानेही पाहिले. पानिपतावर १७६१ साली सैन्य घेऊन गेलेले सदाशिवरावभाऊ हे नानासाहेबांचे चुलतभाऊच होते आणि त्यांच्याबरोबर नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव पडला. पुढे बारा वर्षांनी, १७७३ साली, नारायणरावाचा खून झाला तेव्हा लोकांनी ठपका ठेवला तो सख्ख्या काकावर. एकाच घरात, एकाच नात्याच्या फांदीवर, या दोन्ही गोष्टी घडल्या.

आजच्या कायद्यातही शब्दांचे हे वजन गेलेले नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात वारसांचे वर्ग लावले आहेत. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, आई वगैरे पहिल्या वर्गात. बाप, भाऊ, बहीण, भाचे-पुतणे, पुढे काका-आत्या, मामा-मावशी हे दुसऱ्या वर्गात. चुलत, आते, मामे, मावस ही भावंडे यांपैकी कशातच नाहीत. या वर्गांतले कोणीच नसले तर आधी गोत्रज, म्हणजे केवळ पुरुषांच्या द्वारे नाते असलेले. आणि तेही नसले तर भिन्नगोत्रज. म्हणजे चुलतभाऊ पुढच्या रांगेत आणि मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ मागच्या रांगेत. इंग्रजीत या चौघांना 'कझिन' हा एकच शब्द आहे. आज आपल्या घरांतली मुलेही तोच वापरतात. वापरू द्यावा; बोलण्यापुरता तो सोयीचा आहे. पण वारसाचा प्रश्न आला की तो शब्द उपयोगी पडत नाही. 'कोणता कझिन?' असा प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर आजीच्याच भाषेत द्यावे लागते.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तर मजाच आहे. भाऊ-बहिणीची मुले, दोन भावांची मुले, दोन बहिणींची मुले यांच्यातले लग्न त्याने एका ओळीत निषिद्ध ठरवले. म्हणजे आपले चारही शब्द एका दावणीला बांधले. पण लगेच सवलत ठेवली : उभय पक्षांच्या रूढीने परवानगी असेल तर चालेल. म्हणून मामाची मुलगी अजून मामाचीच मुलगी राहिली आहे.

आता दत्तकाकडे वळतो. रक्ताने न मिळालेले नाते शब्दाने आणि विधीने निर्माण करता येते, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. मनुस्मृतीत मुलांचे बारा प्रकार सांगितले आहेत : औरस, क्षेत्रज, दत्तक, कृत्रिम, टाकून दिलेला आणि उचलून घेतलेला अपविद्ध, विकत घेतलेला क्रीत, स्वतः होऊन आलेला स्वयंदत्त, आणि असे आणखी काही. पुढे काळाच्या ओघात औरस आणि दत्तक हेच दोन मुख्यतः उरले. त्याच स्मृतीत आणखी एक गोष्ट आहे, जी वाचून मला आमच्या त्या बाईची आठवण झाली. सख्ख्या भावांपैकी एकाला जरी मुलगा असला तरी त्याच्यामुळे सर्व भाऊ पुत्रवंत समजावेत, असे मनू सांगतो. म्हणजे पुतण्या हा धर्मशास्त्राच्या दृष्टीनेही जवळजवळ मुलगाच. दत्तक घ्यायचा तर आधी पुतण्या पाहावा, ही रीत त्यातूनच आली.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. नंदपंडिताच्या दत्तकमीमांसेने नियम घातला, की ज्या मुलाच्या आईशी आपले लग्न होऊ शकले नसते, असा मुलगा दत्तक घेऊ नये. म्हणून त्रैवर्णिकांना मुलीचा मुलगा, बहिणीचा मुलगा, मावशीचा मुलगा वर्ज्य झाला. आणि मुलगी दत्तक घेणे तर सहसा मान्य होत नव्हते. सगळी धडपड मुलग्यासाठी. तरीही आपल्या पश्चिम भागात एक वेगळेपण होते. पतीची परवानगी नसतानाही विधवेला दत्तक घेता येई. बंगालमध्ये तसे नव्हते. या एका हक्काच्या बळावर महाराष्ट्रातील कित्येक विधवांनी दिरांच्या आणि भाऊबंदांच्या विरुद्ध घर सांभाळले.

एकोणिसाव्या शतकात दत्तक हा शब्द घरातून उठून थेट कलकत्त्याच्या सरकारी दफ्तरात गेला. १८४८ साली साताऱ्याचे शहाजीराजे वारले. मरणशय्येवर त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसीच्या सरकारने दत्तक मानला नाही आणि संस्थान खालसा केले. १८५१ साली दुसरे बाजीराव वारले. त्यांच्या दत्तकपुत्राला, नानासाहेबांना, आठ लाखांचे निवृत्तिवेतन नाकारले. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी त्यांनी नात्यातला एक लहान मुलगा मांडीवर घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. १८५४ साली झाशीही गेली. पुढे काय झाले ते शाळेतली पोरेही सांगतील.

पण या प्रकरणातली एक बारीक गोष्ट शाळेत सांगत नाहीत. दत्तक साफ खोटा आहे, असे कंपनीचे म्हणणे नव्हते. तिचे म्हणणे असे होते, की खासगी मालमत्तेपुरता दत्तक चालेल, राज्यापुरता चालणार नाही. म्हणजे एकच मुलगा दागिन्यांपुरता मुलगा आणि गादीपुरता परका! नाते घरात मान्य करायचे, पण जेथे त्या नात्यापोटी मोठे काही द्यावे लागते तेथे नाकारायचे. मित्रहो, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसलो. साताऱ्याची गादी कोठे आणि विड्या वळणारी बाई कोठे! पण युक्तिवाद तोच होता. ती वाढवण्यापुरती आई आणि भरपाईपुरती परकी. ज्याच्या हातात द्यायचे असते तो नात्याच्या शब्दाचा अर्थ आपल्याला हवा तेवढाच घेतो, हे मला इतिहासाने शिकवले.

१८५७ च्या उठावानंतर सरकारने धोरण बदलले. १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्याचे फळ काय मिळाले ते पाहा. १८७५ साली खंडेराव गायकवाडांच्या विधवा जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव, त्यांनी १९०६ साली बडोदे राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १८८४ साली कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजींच्या विधवा आनंदीबाई यांनी कागलच्या घाटग्यांचा यशवंत दत्तक घेतला. तेच शाहू महाराज. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनी काढला. गोपाळाचा सयाजी झाला, यशवंताचा शाहू झाला. दत्तकात नाव बदलते, गोत्र बदलते, वारसा बदलतो. दोघांनाही निवडले ते दोन विधवांनी. रक्ताचाच आग्रह धरला असता तर महाराष्ट्र या दोघांना मुकला असता.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. बहिणीच्या किंवा मुलीच्या मुलाला दत्तक घेण्यावरची जुनी बंदी गेली. दत्तहोम आवश्यक राहिला नाही. पण मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे मात्र आवश्यक ठरले. दत्तक मुलाचे जन्मघराशी असलेले सर्व संबंध तुटतात आणि नव्या घराशी जुळतात. फक्त एक धागा कायदा तोडत नाही : जन्मघरात ज्यांच्याशी लग्न होऊ शकले नसते त्यांच्याशी पुढेही होऊ शकत नाही. म्हणजे पोटाचे नाते बदलले तरी रक्ताची आठवण कायद्याने ठेवली. २०१० च्या दुरुस्तीने विवाहित स्त्रीलाही पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेण्याचा अधिकार दिला. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. 'मुलगी' हा शब्द पूर्वीपासून होता. त्याचा अर्थ लढून वाढवावा लागला.

मग आमच्या बाईने पुतण्या दत्तक का घेतला नाही? कारण मूल देण्याचा अधिकार आईबापांचा, आणि ते दोघेही मेले होते. अशा वेळी पालकाने न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. चार वर्षांचे पोरके पोर भुकेने रडत असताना न्यायालयात जायचे कोणाला सुचेल? गरिबाच्या घरी दत्तविधान होत नाही. ताट वाढले जाते. माय मरो पण मावशी जगो, असे आपण म्हणतो. ते म्हणणाऱ्यांना ठाऊक होते की आई हे नाव पुष्कळ वेळा कामावरून पडते. पण अर्जाच्या रकान्यात म्हण चालत नाही.

अलीकडे थोडे बरे दिवस आले आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्यात धर्म न पाहता दत्तकाची सोय आहे, आणि नातेवाइकाने मूल दत्तक घेण्याची वाटही आहे. नातेवाईक म्हणजे कोण, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे : बापाकडचे काका-आत्या, आईकडचे मामा-मावशी, आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. आपल्या आजीने घालून दिलेली माणसे अखेर कायद्याच्या पानावर आली! २०२१ च्या दुरुस्तीनंतर असा आदेश जिल्हाधिकारी देऊ शकतात. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. कामगार नुकसानभरपाईच्या यादीतही १९९५ च्या दुरुस्तीने दत्तक मुलगा आणि दत्तक मुलगी स्पष्ट शब्दांत आली. म्हणजे कायद्याची यादी दगडावर कोरलेली नसते. कोणीतरी मागणी करतो, कोणीतरी लढतो, आणि एक शब्द वाढतो. आमच्या चळवळीचा अर्धा इतिहास म्हणजे असे शब्द वाढवण्याचाच इतिहास आहे.

शेवटी माझी चूक कबूल करतो. त्या मुलाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर नामनिर्देशनाची जागा कोरी होती. कायद्याच्या अर्थाने ज्याला कुटुंब नाही अशा कामगाराला त्या योजनेत कोणाचेही नाव देता येत होते. त्याने चुलतीचे नाव दिले असते तर निदान ती रक्कम तिला सरळ मिळाली असती. तिच्यासाठी तिचे कागद घेऊन आम्हाला महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागले. कामावर लागल्या दिवशीच त्याच्याकडून तो कागद भरून घेणे हे संघटनेचे काम होते, आणि आम्ही ते केले नव्हते. मालकाच्या वकिलाने आपले काम केले. आम्ही आपले केले नाही. तेव्हापासून आमच्या कचेरीत नवा सभासद आला की वर्गणीच्या पावतीआधी त्याला विचारतो : घरी कोण आहे, तुला कोणी वाढवले, आणि त्या माणसाचे नाव कोठे लिहिले आहे का?

आपणा सर्वांनाही माझी एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. घरातल्या वडील माणसांना विचारून चुलत, आते, मामे, मावस, सावत्र, दत्तक आणि मानलेली, सगळी नाती नावांसह लिहून ठेवा. त्यांतली कोणती कायद्याला दिसतात आणि कोणती दिसत नाहीत ते तपासा. जी दिसत नाहीत त्यांच्यासाठी नामनिर्देशन करा, मृत्युपत्र करा. मूल वाढवीत असाल तर दत्तकाचा लेख करून तो नोंदवा. नोंदवलेला लेख असला की दत्तक कायदेशीर झाले असे न्यायालय धरून चालते. खोटे ठरवण्याचा भार समोरच्यावर पडतो.

ती बाई पुढे बरीच वर्षे आमच्या कचेरीत येत असे, विडी कामगारांच्या कामासाठी. मी तिला मावशीच म्हणत राहिलो, आणि ती माझी कोणीही नव्हती. एकदा सभासदत्वाचा नवा अर्ज भरताना 'वारस' या रकान्यापाशी मी थांबलो. तिने शेजारच्या घरातल्या, आपण सांभाळलेल्या एका मुलीचे नाव सांगितले. मी विचारले, "नाते काय लिहू?" ती म्हणाली, "आता तूच सांग, काय लिहिले म्हणजे चालेल."

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून आधी कायदा वाचला, आणि मग रकाना भरला.